धाकट्याने आधी उचलावा

"काय वाटे पाडलेत सर! मानलं तुम्हाला," असे म्हणून लोटन महाजनांनी डोळा मिचकावला आणि स्कूटरला किक मारली. हिलाल मागच्या सीटवर बसत होता. एक पाय पायदानावर, दुसरा अजून पिंप्राळ्याच्या त्या उखडलेल्या गल्लीत टेकलेला. तो तसाच थांबला. "म्हणजे?" त्याने विचारले.

"आता आमच्यापासून काय लपवता? धुळ्याचा तोताराम पहिला वाटा उचलणार. डोळे मिटून उचलणार, आणि सावद्याच्या संघापुढे तोंडावर आपटणार. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली तीन पोरं या वर्षी सावद्याकडच्या त्या नव्या कॉलेजात गेलीत. बॉल पायाला बांधल्यासारखे पळतात लेकाचे. तोतारामला याचा गंध नाही."

"मलाही नव्हता, महाजन."

लोटन महाजन हसले. हिलाल शिकवायचा त्या जळगावच्या कॉलेजचे ते क्रीडाशिक्षक, आणि त्यांचे हसणे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावे असे होते. "नव्हता कसा? दिवाळीच्या सुट्टीआधी स्टाफरूममध्ये मीच नाही का सांगितलं? तुम्ही पेपर तपासत होता. दोनदा हो हो म्हणालात. बसा, गाडी चुकेल."

धुळ्याची गाडी चुकली नाही. खिडकीजवळची जागाही मिळाली. पण बांभोरीचा पूल ओलांडून गिरणेचे रुंद, उथळ पात्र मागे पडले तरी हिलालच्या अंगावर तो मिचकावलेला डोळा एखाद्या कुसळासारखा टोचत राहिला. कोणी दोषी ठरवले असते तर त्याने उत्तर दिले असते. महाजनांनी त्याचे कौतुक केले होते. आपण न केलेल्या लबाडीबद्दल शाबासकी मिळाली तर माणसाने काय बोलावे? आणि ती केली नव्हती, हे तरी त्याला कोणत्या आधारावर ठाऊक होते? तो आठवू लागला. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आठवला, लाल शाईने माखलेले बोट आठवले, महाजनांचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसा आला. पण शब्द आले नाहीत. कानावर पडलेले आणि मनात न शिरलेले शब्द कुठे जातात? कुठेतरी जातच असतील. वावरात सांडलेले बी कोणी पेरलेले नसते, तरी पाऊस पडल्यावर उगवतेच.

खरे म्हणजे वाटे पाडण्याचे हे काम त्याच्याकडे आले ते त्याच्या सरळपणामुळे. तो संख्याशास्त्र शिकवायचा. फुटबॉलशी त्याचा संबंध एवढाच, की त्या उन्हाळ्यात इटलीतला वर्ल्डकप सगळ्या कॉलनीने शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला तेव्हा तोही पाहत होता. पण आदल्या हिवाळ्यात खानदेशच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा विचका झाला होता. वर्षानुवर्षे ती बाद पद्धतीने खेळली जाई. संघ सात, म्हणून एकाला न खेळताच पुढे चाल मिळे, आणि ती नेमकी जळगावच्याच कॉलेजला कशी मिळते, चिठ्ठी कोण घडी करतो, कोण उचलतो, यावरून दरवर्षी कुरबुर होई. त्या वर्षी अंतिम सामना जळगाव आणि धुळे यांच्यात बरोबरीत राहिला, उजेड गेला, आणि पंचांनी निकाल नाणेफेकीने लावला. जळगाव जिंकले. धुळ्याचे क्रीडाशिक्षक तोताराम बोरसे मैदानाच्या मध्यभागी उभे राहून ओरडले होते, "नाणं कोणाचं होतं ते सांगा आधी! कोणाच्या खिशातलं होतं?" मग खुर्च्या उडाल्या. त्यानंतर विभागीय समितीने ठरवले की पुढच्या वर्षीपासून चिठ्ठ्या नकोत, नाणे नको. कोणालाही बोट दाखवता येणार नाही अशी पद्धत पाहिजे. आणि प्राचार्यांनी हिलालकडे पाहिले होते.

पद्धत त्याने फार दूरवरून आणली नव्हती. ती त्याच्या गावातली होती, नेरच्या बाजूची, पांझरेच्या काठची. भाऊ वेगळे निघतात तेव्हा वाटे मोठ्याने करायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. मोठ्याने एक वाटा सरस, एक निरस केला, तर निरस त्याच्याच गळ्यात पडणार. म्हणून तो आपोआप सारखे वाटे करतो. यात सज्जनपणाची गरज नाही, पंचांची नाही, देवाचीही नाही. हिलालने हेच मांडले. सावद्याकडचे नवे कॉलेज आल्याने संघ आता आठ झाले होते. गेल्या वर्षीचे विजेते जळगाव हे मोठे. हरलेले धुळे हे धाकटे. उरलेल्या सहा संघांचे जळगावने दोन वाटे करायचे, तीन-तीनचे. धुळ्याने त्यातला हवा तो उचलायचा, दुसरा जळगावला. दोन्ही गटांत साखळी सामने, गटात पहिला येईल तो अंतिम सामन्यात. समितीत हे ऐकल्यावर एका म्हाताऱ्या प्राचार्यांनी टेबलावर थाप मारून म्हटले होते, "अहो, हे तर आमच्या आजोबांनाही ठाऊक होतं!" आणि जळगावच्या वतीने वाटे करायचे काम अर्थातच हिलालकडे आले, महाजनांवर धुळ्याचा विश्वास बसला नसता.

एरंडोलला गाडी थांबली. भजी तळल्याचा वास आत आला आणि त्या वासाने त्याला तो रविवार आठवला, कारण त्या दिवशीही घरात असाच एक दाट वास होता. त्याची बायको इंदिरा भरताची वांगी भाजत होती. तो जेवणाच्या टेबलाशी बसून सहा संघांची उतरंड लावत होता, गेल्या वर्षीच्या खेळावरून: शहादा सर्वांत वर, मग अमळनेर, चोपडा, पाचोरा, चाळीसगाव, आणि कोणीच पाहिलेले नाही म्हणून सावदा तळाला. मग एक इकडे, दोन तिकडे असे त्याने वाटत नेले. पहिल्या वाट्यात अमळनेर, चोपडा आणि सावदा. दुसऱ्यात शहादा, पाचोरा, चाळीसगाव. नाही. तसे नव्हते. आधी सावदा शहाद्याबरोबर होते. मग त्याने ते काढून पहिल्या वाट्यात आणले होते आणि त्याच्या जागी पाचोरा ठेवला होता. का? सामने एकमेकांच्या गावी व्हायचे होते, आणि शहादा-सावदा म्हणजे खानदेशची दोन टोके. पोरांना जाऊन-येऊन दोन दिवस मोडले असते. कारण चांगले होते. पण चांगले कारण हाताशी आले की माणूस त्याच्या मागे काय उभे आहे हे पाहत नाही. आता तो वाटा पाहणाऱ्याला कसा दिसत होता? एका बाजूला शहादा, ज्याने गेल्या वर्षी धुळ्याचा घाम काढला होता. दुसऱ्या बाजूला एक कच्चे, नवे, हसण्यासारखे कॉलेज. कोणीही पहिलाच उचलला असता. वाटे सारखे होते असे नव्हे, वाटे एका विशिष्ट माणसासाठी केले होते. तोतारामसाठी. कोणी केले होते?

मोठ्याला एकच अट पाळायची असते, असे तो समितीत म्हणाला होता. सारखे वाटे करण्याची. पण धाकट्याचा स्वभाव मोठ्याला ठाऊक असतो, तो त्याच्याच अंगाखांद्यावर वाढलेला असतो, हे त्याने तिथे सांगितले नव्हते. तो काय पाहून भुलतो, कशाला भितो, हे ठाऊक असले की सारखे वाटे करायची गरजच उरत नाही. हे हिलालला कोणी शिकवावे लागले नव्हते. वडील, झुलाल आबा, गेले त्या वर्षी मोठ्या भावाने, अभिमनने, दोन वाटे केले: सडकेकडचे वावर विहिरीसकट, आणि नदीकडचे मोठे पण चढउताराचे वावर. हिलालने सडकेकडचे उचलले. शिकलेला माणूस, त्याला सडक दिसली, विहीर दिसली. पुढे काही वर्षांत महामार्ग रुंद झाला, आणि नेमकी विहीर आणि तिच्या भोवतीची काळी पट्टी त्यात गेली. उरले ते एक चिंचोळे, कोरडे वावर, ज्यात ट्रकवाल्यांनी फेकलेल्या चिंध्या रुतत. मोजणीची माणसे वाटे पडण्याआधीच येऊन गेली होती, अभिमनच्या ओट्यावर चहा पिऊन गेली होती, हे हिलालला नंतर समजले. तेव्हापासून तो गावी गेला नव्हता. पुतणीच्या लग्नालाही नाही. मंजुळा वहिनी एकदा जळगावला दवाखान्यात आल्या होत्या, तेव्हा इंदिरा डबा घेऊन गेली. तो पेपर तपासायचे आहेत म्हणाला. "तुम्हाला जगात सगळेच अभिमन भाऊ दिसतात," इंदिरा त्या रात्री म्हणाली होती. "रिक्षावाला दिसतो, दूधवाला दिसतो. मीही कधीतरी दिसत असेन."

पारोळा गेले. उन्हाने काचा तापल्या. आपण आता काय करायचे, हे त्याने स्वतःला विचारले. वाटे बदलू म्हणावे, तर समितीने आधीच बजावले होते की एकदा समितीला कळवलेले वाटे बदलायचे नाहीत. बदलले की संशय. गप्प बसावे, तर तोताराम पहिला उचलेल. तोताराम पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होता. त्याच्या संघातली सगळी पोरे शेवटच्या वर्षाची होती, बहुतेक वावरातून आलेली, अनवाणी खेळून तळपायाला घट्टे पडलेली. त्याने त्यांना गेल्या वर्षीच्या नाणेफेकीनंतर सांगितले होते म्हणे, की एक वर्ष थांबा, कोणी नापास व्हा पण थांबा. त्यातले दोघे खरोखरच नापास झाले होते. हिलालला हे महाजनांनीच हसत हसत सांगितले होते, आणि हे मात्र त्याला शब्दन् शब्द आठवत होते.

धुळ्याच्या कॉलेजच्या जिमखान्यात एक लांब टेबल होते आणि त्यावर हिरवे कापड. टेबलाच्या टोकाला समितीचे अध्यक्ष असलेले प्राचार्य, जेवून आल्यामुळे जडावलेले. तोताराम बोरसे उठून उभे राहिले. बुटका, दणकट माणूस, गळ्यात शिट्टी, जणू बैठकीतही कोणी ऑफसाइड जाणार होते. "या सर. गाडीत जागा मिळाली ना? जळगाववाल्यांना सगळीकडे जागा मिळते." मग डोळे बारीक करून, "तुम्ही बी आपला नेरकडलाच शेतस ना? मंग जळगावना कसा व्हई गयात?"

"नोकरी," हिलाल म्हणाला.

"हां. नोकरीनं भलंभलं व्हस."

हिलालने दोन कागद हिरव्या कापडावर ठेवले, एकावर तीन गावांची नावे, दुसऱ्यावर तीन. तोतारामने त्यांना हात लावला नाही. तो वाकून पाहत राहिला, बैलबाजारात जनावराच्या तोंडाकडे पाहावे तसा. पहिल्या कागदाकडे बराच वेळ, दुसऱ्याकडे थोडा. मग पुन्हा पहिल्याकडे. "सोपा आहे हा," तो स्वतःशी म्हणाला. "फारच सोपा आहे. सर, तुम्ही इतके भोळे आहात का?"

"वाटे सारखे आहेत," प्राचार्य डोळे न उघडता म्हणाले. "उचला बोरसे."

"उचलतो साहेब. हात माझाच आहे, घाई काय? आमच्या घरी एकदा असंच घाईने उचललं, अजून आजोबांच्या नावाने बोटं मोडतात." तोताराम खुर्ची ओढून हिलालच्या अगदी समोर बसला. त्याच्या तोंडाला तंबाखूचा गोडसर वास येत होता. "एक सांगा सर. खरं सांगा. तुम्ही माझ्या जागी असता तर कोणता उचलला असता?"

प्रश्न ऐकला आणि हिलालच्या आत एक दार उघडले. तिथे ऊन होते, बाभळीची झिरझिरीत सावली होती, पायाखाली कापसाची वाळलेली पऱ्हाटी होती. तिथे धाकटा भाऊ उभा होता, शहरातून आलेला, बूट घातलेला, आणि तोही हेच विचारत होता. होय, विचारले होते. तू मना जागावर ऱ्हाता ते कोनता उचलता, भाऊ? आणि अभिमन म्हणाला होता, "मी? मी ते नदीकडला उचलतू. सडकनं काही खरं नई." एवढेच. सडकेचे काही खरे नाही. हिलालने ते वाक्य ऐकले होते, आणि तत्क्षणी त्याच्या मनात आले होते, म्हणजे याला सडकेकडचे स्वतःला हवे आहे. त्याने सडकेकडचे उचलले होते. मग विहीर गेली, आणि विहिरीबरोबर ते वाक्यही गेले. इतकी वर्षे इंदिराला, सहकाऱ्यांना, रात्री छताला त्याने सांगितले होते की भावाला ठाऊक होते आणि भाऊ बोलला नाही. भाऊ बोलला होता.

"सर?" तोताराम म्हणाला.

"दुसरा," हिलाल म्हणाला. "मी दुसरा उचलला असता. पहिल्यात सावदा आहे. ते नवं आहे, पण दुबळं नाही. भुसावळची रेल्वे कॉलनीतली तीन पोरं त्यांच्याकडे आलीत. मला हे आज सकाळी कळलं. म्हणजे, आधीही कोणी सांगितलं असेल, पण मला ते... बोरसे, पहिला उचलू नका."

प्राचार्यांनी डोळे उघडले. पंख्याचा खटखट आवाज मोठा झाला. तोताराम हिलालकडे पाहत होता, हळूहळू, जणू त्याच्यावरचा एकेक पदर बाजूला करत. आणि मग त्याच्या चेहऱ्यावर एक मोठे, मोकळे, समाधानाचे हसू पसरले. "भुसावळची पोरं," तो म्हणाला. "रेल्वेची. व्वा सर! महाजनांनी पढवून पाठवलं वाटतं? मी सावद्याकडे चौकशी केली नसेल असं वाटलं का? माझा भाचा तिकडे केळीच्या गाड्या भरतो. म्हणाला, मामा, मैदानात अजून नीट गोलपोस्ट नाहीत. म्हणजे आम्ही घाबरून शहाद्याच्या जबड्यात जायचं, आणि तुम्ही अमळनेर-चोपडा खात खात फायनलला, असं का?"

"गोलपोस्ट नसतील. पोरं आहेत. मी शपथेवर..."

"शपथ नको सर. प्राध्यापकाने शपथ घेऊ नये, वाईट दिसतं." आणि त्याने पहिला कागद हिलालच्या हाताखालून ओढून घेतला. "लिहा साहेब. धुळे, पहिला वाटा."

आपण अजून काही बोललो तर तोताराम अधिकच घट्ट धरील, हे हिलालला दिसत होते. प्रत्येक शब्द उलटा जाऊन बसणार होता. आणि त्याहून वाईट असा एक विचार कुठल्याशा फटीतून आत आला: तोताराम विश्वास ठेवणार नाही, हे आपल्याला ठाऊक नव्हते का? ठाऊक होते म्हणूनच तर आपण खरे सांगून टाकले नसेल ना? खरे सांगून मन स्वच्छ, आणि वाटा जळगावचा तो जळगावलाच. महाजन ऐकतील तेव्हा पुन्हा डोळा मिचकावतील. म्हणतील, सर, याला म्हणतात डोकं. त्याने आपल्या मनाच्या तळाशी हात घालून पाहिला. तिथे गाळ होता, आणि गाळात हात घातला की आधी दिसत होते तेही दिसेनासे होते.

सहीनंतर तोताराम इतका खूश झाला की हिलालला स्टँडवर सोडायला स्वतः चालत आला. वाटेत त्याने त्याला जबरदस्तीने उसाचा रस पाजला. पराभूत माणसाशी विजेता वागतो तसा तो प्रेमाने वागत होता. "नाराज होऊ नका सर. तुमच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. उलट कच्चं केलं असतं. तुम्ही निदान मन लावून केलंत."

"बोरसे, एक विचारू? मी सांगत होतो तेव्हा माझा चेहरा कसा होता?"

"चेहरा?" तोतारामने मिशीवरचा फेस पुसला. "चेहरा कोण पाहतो? शिकलेल्या माणसाचा चेहरा तर मुळीच पाहू नये. मी तुमचा हात पाहत होतो. तोंडाने म्हणत होता दुसरा उचला, आणि हात होता पहिल्या कागदावर. असा, पंजा पसरून, दाबून. ओढताना कोपरा फाटला कागदाचा. माणूस आपला माल सोडत नाही सर."

हिलालने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. कागद दाबून धरल्याचे त्याला आठवत नव्हते. पण तोतारामने तो उचलू नये म्हणून, केवळ तेवढ्यासाठी, हात आपोआप पुढे झाला असणार. तसाच अभिमनही त्या दिवशी सडकेकडच्या बांधावर आडवा उभा होता, पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून, वाट अडवल्यासारखा. आणि हिलालने पाहिले होते की भाऊ तिथून हलत नाही, आणि त्यावरूनच तर त्याने नक्की केले होते.

जळगावची गाडी फलाटाला लागत होती. गर्दी दाराशी तुटून पडली. तोताराम धावला, गळ्यातली शिट्टी उडवत, आणि खिडकीतून आपला रुमाल एका सीटवर फेकून आला. "चला सर! जागा धरली तुमच्यासाठी. धुळेवाल्यांनी धरलेली जागा आहे, बिनधोक बसा."

"नेरची गाडी कुठे लागते हल्ली?" हिलालने विचारले.

तोताराम थांबला. त्याचे डोळे पुन्हा बारीक झाले; दुपारपासूनचा तो सैल आनंद चेहऱ्यावरून सरकन उतरला. "नेर? आज? कोनाकडे?"

"भावाकडे."

"इतला वर्षमा ते कधी जास नई म्हने तुम्ही." त्याने हिलालला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "काब्र हो सर? वावर ईकनं शे का?"

"नाही, वावर विकायला नाही," हिलाल म्हणाला. आणि बोलता बोलता त्याला कळून चुकले की हेच अभिमनही विचारणार होता. इतक्या वर्षांनी धाकटा भाऊ न कळवता, तिन्हीसांजेला, बूट घालून ओट्यासमोर उभा राहिला, की मंजुळा वहिनी पाण्याचा तांब्या आणतील, अभिमन खाटेवरची जागा दाखवील, आणि मनातल्या मनात हिशेब मांडील की याला आता काय हवे आहे. तू खरे सांगितले होतेस, मला आज आठवले, असे म्हटले तर तो त्या वाक्याच्या मागे काय लपले आहे ते शोधत बसेल. कदाचित मरेपर्यंत शोधील. हे सगळे हिलालला आत्ताच, इथूनच दिसत होते. तोतारामने बोट दाखवले त्या पलीकडच्या फलाटाकडे तो चालू लागला.